फिरत्या घरातील शीतकपाट : निगा आणि दोषनिवारण

(कॅराव्हॅन चालक, पर्यटन व्यावसायिक, शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांच्यासमोर सोलापूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून आपल्यापैकी काहींच्या मनात एक शंका आली असेल. माहिती अधिकाऱ्याने, तेही कला शाखेच्या पदवीधराने, यंत्राविषयी बोलावे हे कसे? शंका रास्त आहे. मी तंत्रज्ञ नाही. परंतु हा विषय मला ज्या प्रसंगाने शिकवला, तो प्रसंग आपणांपैकी कोणावरही येऊ शकतो, आणि तो टाळण्यासाठी तंत्रज्ञ असावे लागत नाही. एवढे सांगण्यासाठीच मी येथे उभा आहे.

एका वैशाखात मी आईवडिलांना घेऊन अक्कलकोट, तुळजापूर व पंढरपूर अशा यात्रेला निघालो होतो. प्रवासासाठी कॅराव्हॅन भाड्याने घेतली होती. वडील मधुमेही असल्याने त्यांच्या इन्शुलिनच्या कुप्या गाडीतील शीतकपाटात ठेवल्या होत्या. वाटेत वडिलांना थकवा आला म्हणून एका गावाजवळ, ओढ्याकडे उतरत जाणाऱ्या मोकळ्या जागेत आम्ही दोन दिवस मुक्काम केला. शीतकपाट गॅसवर चालू होते, ज्योत दिसत होती, म्हणून आम्ही निश्चिंत होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी दूध नासलेले आढळले. कुप्या हाताला चक्क गरम लागल्या. डॉक्टरांना दूरध्वनी केला, तेव्हा त्यांनी त्या वापरू नका असे स्पष्ट सांगितले. तालुक्याच्या गावाहून नवे औषध येईपर्यंत वडिलांचे एक इंजेक्शन चुकले आणि रक्तातील साखर वाढली. पुढे सारे सुरळीत झाले, परंतु ती संध्याकाळ मी विसरलेलो नाही.

शीतकपाट मोडले आहे अशी आमची सर्वांची खात्री झाली होती. गाडी पाहायला जमलेल्या गावकऱ्यांत एक वृद्ध गवंडी होते. त्यांनी केवळ कुतूहलाने आपली पाणसळ आणून गाडीच्या जमिनीवर ठेवली आणि म्हणाले, "साहेब, तुमचं घर कललंय." त्यानंतर आम्ही गाडीबरोबर मिळालेली माहितीपुस्तिका प्रथमच उघडली. तिच्यातील पहिलीच सूचना गाडी समतल उभी करण्याविषयी होती! चाकांखाली फळ्या देऊन गाडी सरळ केली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बर्फाच्या कप्प्यावर दव धरले होते. यंत्रात बिघाड नव्हताच. बिघाड आमच्या अज्ञानात होता.

विषयाचे महत्त्व

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले. जेथे निवासाची सोय नाही, अशा निसर्गरम्य व धार्मिक स्थळी पर्यटकांनी स्वतःचे फिरते घर घेऊन जावे आणि त्यासाठी कॅराव्हॅन उद्याने उभी राहावीत, ही त्यामागील कल्पना आहे. आपल्या जिल्ह्याला ती विशेष लागू पडते. पंढरपूर व अक्कलकोट ही तीर्थक्षेत्रे, नान्नजचे माळढोक अभयारण्य आणि उजनीचा विस्तीर्ण जलाशय पाहण्यासाठी लोक दूरदूरहून येतात. त्यांच्यात लहान मुले असतात, वृद्ध असतात आणि औषधांवर अवलंबून असलेले रुग्णही असतात. अशा प्रवाशांच्या दृष्टीने गाडीतील शीतकपाट ही चैनीची वस्तू राहत नाही.

अशा वाहनांत दोन प्रकारची शीतकपाटे आढळतात. घरातल्या फ्रीजप्रमाणे कॉम्प्रेसरवर चालणारा एक प्रकार आहे. दुसरा शोषण पद्धतीचा. त्यात कॉम्प्रेसर नसतो, पंप नसतो, फिरणारा एकही भाग नसतो आणि तो आवाजही करीत नाही. गॅसची ज्योत, २३० व्होल्टची वीज किंवा गाडीची १२ व्होल्टची बॅटरी यांपैकी कशाचीही उष्णता त्याला पुरते. आज आपण बोलणार आहोत ते या दुसऱ्या प्रकाराविषयी. त्याचे गुण जितके मोठे, तितक्याच त्याच्या अटी कडक आहेत.

ज्योतीने थंडावा कसा मिळतो?

आग लावून बर्फ करावयाचा, हे ऐकावयास विपरीत वाटते. पण आपल्या घरातील माठ आठवा. माठाच्या अंगावर पाझरलेल्या पाण्याची वाफ होते आणि ती वाफ होताना आतील पाण्याची उष्णता घेऊन जाते. सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात माठ उत्तम काम करतो आणि पावसाळ्यात सुस्तावतो, कारण वाफ वाहून नेण्यास हवा कोरडी असावी लागते.

शोषण शीतकपाटातही हेच घडते. तेथे पाण्याच्या जागी अमोनिया असतो आणि कोरड्या हवेच्या जागी हायड्रोजन वायू. द्रवरूप अमोनिया हायड्रोजनच्या सान्निध्यात आला की त्याची झपाट्याने वाफ होते आणि कपाटातील उष्णता शोषली जाते. मात्र माठातील पाण्याची वाफ हवेत निघून जाते, तसा येथील अमोनिया बाहेर जाऊ द्यावयाचा नसतो. त्याला पुन्हा पाण्यात विरघळवून घेतात. त्या द्रावणाला तळाशी उष्णता दिली की अमोनिया पाण्यापासून वेगळा होऊन वर चढतो, मागील पंखदार नळ्यांत थंड होऊन पुन्हा द्रव बनतो आणि थेंबाथेंबाने आपल्या कामावर रुजू होतो. ज्योतीचे काम एवढेच की, हे चक्र अखंड फिरत ठेवावयाचे.

अमोनियाच्या शोषणावर चालणारे यंत्र फ्रान्समधील फर्डिनांड कारे याने १८५९ च्या सुमारास सिद्ध केले. पंपाची गरजच उरू नये अशी हायड्रोजनयुक्त रचना स्वीडनमधील बाल्टझार फॉन प्लाटेन व कार्ल मुंटर्स या दोन अभियांत्रिकी विद्यार्थ्यांनी १९२२ मध्ये शोधली आणि १९२५ पासून इलेक्ट्रोलक्स कंपनीने ती बाजारात आणली. आल्बर्ट आइन्स्टाइन व लिओ झिलार्ड यांनाही अशाच एका बिनपंपी शीतकपाटाचे अमेरिकन पेटंट १९३० मध्ये मिळाले होते. शिक्षक बंधूंनी हा भाग विद्यार्थ्यांना अवश्य सांगावा. माठापासून आरंभ केला तर तो इयत्ता आठवीच्या मुलालाही समजतो.

निगेची चार सूत्रे

पहिले सूत्र समतलतेचे. या यंत्रातील द्रव कोणी ढकलत नाही. तो केवळ स्वतःच्या भाराने, नळ्यांच्या ठरवून दिलेल्या उतारावरून वाहतो. गाडी कलली की द्रव मध्येच साचतो, तळाशी असलेल्या तापपात्रात परत येत नाही आणि ते कोरडे तापत राहते. असे फार वेळ झाले तर नळ्या गंजू नयेत म्हणून द्रावणात घातलेले रसायन विघटित होऊन खडे बनते आणि मार्ग कायमचा बुजतो. आमचे दैव चांगले म्हणून दोन दिवसांत तसे झाले नाही. जुन्या रचनेच्या कपाटांना एका बाजूस सुमारे ३ अंशांहून अधिक कल चालत नाही. ३ अंश म्हणजे मीटरमागे सुमारे ५ सेंटिमीटर, हे गवंडीकामाच्या भाषेत ध्यानात ठेवावे. नेमकी मर्यादा पुस्तिकेत दिलेली असते. चालत्या गाडीत मात्र काळजी नाही, कारण हिंदकळण्याने द्रव सतत हलता राहतो. धोका असतो तो तिरप्या जागी उभ्या असलेल्या गाडीत. म्हणून प्रत्येक गाडीत एक पाणसळ व चार भक्कम फळ्या असल्याच पाहिजेत.

दुसरे सूत्र हवेचे. कपाटातून काढलेली आणि ज्योतीने दिलेली अशी दुहेरी उष्णता मागील नळ्यांतून बाहेर पडते. त्यासाठी गाडीच्या बाहेरील अंगास खाली व वर अशा दोन जाळ्या असतात. खालून गार हवा आत येते, तापते आणि वरून निघून जाते. धूळ येते म्हणून या जाळ्यांवर कापड किंवा पुठ्ठा लावणारे चालक मी पाहिले आहेत. तसे करणे म्हणजे शीतकपाटाचे नाक दाबणे होय. जाळ्या दर पंधरवड्यास ब्रशने झाडाव्यात, आणि गाडीची ती बाजू दुपारच्या उन्हात येणार नाही अशा रीतीने गाडी उभी करावी. उन्हाळ्यात मागील पोकळीत १२ व्होल्टचा छोटा पंखा वरच्या दिशेने वारा देईल असा बसवल्यास मोठा फरक पडतो.

तिसरे सूत्र ज्योतीचे. ज्योत निळी व स्थिर असावी. ती पिवळी झाली, फडफडू लागली किंवा धुराड्यावर काजळी दिसली, तर बर्नर घाण झाला आहे असे समजावे. धूळ आणि गंज यांच्याइतकाच त्रास कोळी व कुंभारीण माशी यांचा होतो. गाडी काही महिने उभी राहिली की बर्नरच्या नळीत जाळे किंवा मातीचे घर हमखास सापडते. वर्षातून एकदा, आणि दीर्घ मुक्कामानंतर प्रत्येक वेळी, गॅस बंद करून जाणत्या माणसाकडून बर्नर व धुराडे साफ करून घ्यावे. येथे एक सूचना आवर्जून करतो. स्टोव्हचे निप्पल पिनेने मोकळे करण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. ती येथे वापरू नये. या कपाटाच्या गॅसछिद्राचे माप अतिशय सूक्ष्म असते. पीन घातल्यास ते मोठे होते आणि ज्योत कायमची बिघडते. छिद्राचा तुकडा काढून स्पिरिटमध्ये भिजवावा, वाळवावा आणि परत बसवावा.

चौथे सूत्र शिस्तीचे. हे कपाट मंदगतीने थंड होते आणि एकदा तापले की सावरण्यास तासन्‌तास घेते. यास्तव प्रवासाच्या आदल्या दिवशीच ते सुरू करावे, आत ठेवावयाच्या वस्तू आधी घरी थंड करून घ्याव्यात, कप्पे ठासून भरू नयेत आणि दार वारंवार उघडू नये. दाराचे रबर तपासण्यासाठी दारात कागद धरून दार लावावे. कागद सहज ओढून निघाला तर तेथून थंडावा गळतो आहे. आतील पंखांवर बर्फाचा जाड थर साचू देऊ नये. तो खरवडण्यासाठी सुरी वापरू नये, कपाट बंद ठेवून तो वितळू द्यावा.

दोष शोधण्याचा क्रम

कपाट थंड होत नाही असे दिसताच कारागिराला बोलावण्यापूर्वी पुढील क्रमाने पाहावे.

(१) पाणसळ ठेवून कल पाहावा. दोष निघाल्यास गाडी सरळ करून किमान ८ ते १० तास वाट पाहावी. तासाभरात निष्कर्ष काढू नये.

(२) जाळ्या मोकळ्या आहेत काय, वर ऊन पडते आहे काय, दाराचे रबर धड आहे काय, हे तपासावे.

(३) उष्णतेचे साधन बदलून पाहावे. विजेवर थंड होते पण गॅसवर होत नाही, तर दोष बर्नर, धुराडे किंवा रेग्युलेटर यांत आहे. गॅसवर होते पण विजेवर नाही, तर दोष विजेच्या तापतारेत, फ्यूजमध्ये किंवा पुरवठ्यात आहे. ग्रामीण भागात विजेचा दाब उतरतो, हेही लक्षात घ्यावे. २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळाले तर तापतारेची उष्णता सुमारे ६० टक्क्यांवर येते. अशा वेळी गॅस वापरणे श्रेयस्कर.

(४) बटण दाबून धरेपर्यंत ज्योत राहते आणि सोडताच विझते, असे झाल्यास थर्मोकपल नावाची तांब्याची बारीक नळी पाहावी. ज्योत विझल्यास गॅस आपोआप बंद करणारा हा पहारेकरी आहे. बहुधा त्याच्या टोकावर काजळी असते किंवा तो जागेवरून सरकलेला असतो. तो काढून टाकून काम चालवण्याचा प्रयत्न कोणीही करू नये.

(५) बॅटरीचा पर्याय केवळ इंजिन चालू असताना वापरावा. हे कपाट १२ व्होल्टवर साधारणपणे १० अँपिअर किंवा अधिक प्रवाह घेते. गाडी उभी करून ते बॅटरीवर ठेवल्यास सकाळी गाडीच सुरू होणार नाही.

(६) गाडी समतल आहे, हवा खेळती आहे, प्रत्येक साधनावर तळाचा भाग चांगला तापतो, तरीही दिवसभरात थंडावा येत नाही, तर बंदिस्त शीतसंच आतून बुजला किंवा गळला आहे. तो बदलावाच लागतो. असा संच काढून उलटा केला की सुरू होतो, असा समज रूढ आहे. क्वचित त्याने अडकलेला द्रव मोकळा होतो, परंतु खडे धरलेल्या किंवा गळालेल्या संचावर तो उपाय नव्हे.

येथे हात लावू नये

बंदिस्त संचात अमोनिया व हायड्रोजन मोठ्या दाबाखाली असतात. तो संच कापणे, त्यास छिद्र पाडणे किंवा झाळणे म्हणजे स्फोटाला आमंत्रण देणे होय. डोळ्यांना झोंबणारा उग्र वास येऊ लागल्यास अथवा मागील नळ्यांवर पिवळा थर दिसल्यास कपाट ताबडतोब बंद करावे, दारेखिडक्या उघडाव्यात आणि सर्वांनी बाहेर पडावे.

स्वयंपाकाचा वायू हवेपेक्षा जड असतो. तो गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडर उभाच, बाहेरून उघडणाऱ्या आणि तळाशी हवा जाण्यास वाट असलेल्या स्वतंत्र कप्प्यात ठेवावा. गळती पाहण्यासाठी साबणाचे पाणी लावावे. काडी कदापि ओढू नये. ज्योत अपुऱ्या हवेत जळाली तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला वास नसतो आणि झोपेतील माणसाला तो कळतही नाही. धुराड्याची वाट बाहेर मोकळी आहे ना, हे रोज पाहावे. पेट्रोल पंपावर शिरण्यापूर्वी ज्योत विझवावी, आणि प्रवासात गॅसचा मुख्य खटका बंद ठेवावा.

सोलापूरचा उन्हाळा आणि खरेदीचा निर्णय

एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा ४० अंशांच्या पुढे जातो, हे मी सोलापूरकरांना सांगावयास नको. शीतकपाटांवर हवामानवर्गाची खूण असते. 'एन' वर्ग ३२ अंशांपर्यंत, 'एसटी' वर्ग ३८ अंशांपर्यंत आणि 'टी' वर्ग ४३ अंशांपर्यंतच्या बाह्य तापमानासाठी असतो. थंड प्रदेशासाठी केलेले कपाट स्वस्त मिळाले म्हणून घेतले, तर मे महिन्यात ते केवळ एक कपाट उरते. आणखी एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. छतावरील सौरपट्ट्या व चांगल्या बॅटऱ्या उपलब्ध झाल्यापासून १२ व्होल्टवर चालणारी कॉम्प्रेसरची शीतकपाटे पुष्कळ सुधारली आहेत. त्यांना थोडा कल चालतो आणि उन्हाळ्यात ती अधिक भरवशाची ठरतात. जेथे वीज मुळीच नाही आणि मुक्काम दीर्घ आहे, तेथे गॅसवर चालणाऱ्या शांत कपाटाचे स्थान अजून टिकून आहे. नव्याने गाडी बांधणाऱ्यांनी दोन्ही बाजू तोलून निर्णय घ्यावा. ज्यांच्या गाडीत शोषण कपाट आधीच आहे, त्यांनी ते नीट राखावे.

औषधांविषयी

न उघडलेले इन्शुलिन २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागते. ते गोठले तरी निकामी होते, म्हणून बर्फाच्या कप्प्याला किंवा आतील धातूच्या पंखांना चिकटवून ठेवू नये. कपाटात एक साधा तापमापक पाण्याच्या लहान बाटलीत बुडवून ठेवावा आणि सकाळ-संध्याकाळ आकडा वहीत लिहावा. ज्योत दिसते म्हणजे थंडावा आहे, असे मी मानले आणि फसलो. तापमापक असता तर पहिल्याच संध्याकाळी सारे उमगले असते.

शासकीय लसी मात्र अशा कपाटात कधीही ठेवू नयेत. त्यांच्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात स्वतंत्र शीतयंत्रे आणि वाहतुकीसाठी शीतपेट्या असतात. शिबिरासाठी सोयीची म्हणून कोणी कॅराव्हॅन देऊ केली, तर पंचायत सदस्यांनी हा भेद ध्यानात ठेवावा.

ग्रामपंचायतींचा वाटा

गावाच्या हद्दीत फिरत्या घरांसाठी जागा राखण्याचा विचार ज्या ग्रामपंचायती करीत आहेत, त्यांना माझी विनंती आहे की, कमान व फलक यांच्या आधी जमीन पाहावी. मुरूम टाकून, दाबून, पाणसळीने तपासलेले चार-सहा समतल ओटे, पश्चिमेच्या उन्हापासून सावली देणारी कडुनिंबाची रांग, योग्य दाबाची व अर्थिंग केलेली वीजजोडणी आणि जवळच्या आरोग्य केंद्राचा व औषधाच्या दुकानाचा क्रमांक लिहिलेली पाटी, एवढे केले तरी पाहुण्याची मोठी सोय होईल. याला फार मोठा खर्च नाही. गावातील गवंड्याचे एका दिवसाचे कौशल्य येथे पुरते.

मित्रहो, ज्या यंत्रात फिरणारा एकही भाग नाही, त्यात मोडण्यासारखेही फार थोडे असते. ते बंद पडते ते बहुधा आपण त्याला सरळ उभे केले नाही, श्वास घेऊ दिला नाही किंवा त्याची ज्योत स्वच्छ ठेवली नाही म्हणून. ही तिन्ही कामे चालकाला, यजमानाला आणि प्रवाशाला स्वतः पाहता येतात. आमच्या घरी आता प्रवासाच्या सामानात वडिलांच्या औषधाच्या डब्याशेजारी एक पाणसळ असते, आणि मुक्कामाच्या जागी गाडी थांबली की वडील स्वतः ती जमिनीवर ठेवून बुडबुडा मध्यावर येईपर्यंत चालकाला मागेपुढे करावयास लावतात. आपणही आपल्या गाडीत एक पाणसळ व एक तापमापक ठेवावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.